दोष आईच्या दुधात नाही
हृदयविकार असलेल्या तान्ह्या बाळाचे पाजणे, भरवणे आणि वजन

गेल्या वर्षी माता रमाई जयंतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही मेहकर तालुक्यातील एका गावी गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर एका घरी चहाला बसलो. घरात चार महिन्यांची मुलगी होती. आईने तिला पदराखाली घेतले. पाच-सात घोट घेतले आणि पोर थांबली. धाप लागली होती. फेब्रुवारीची थंडी, तरी कपाळ घामाने ओले. पुन्हा दोन घोट, पुन्हा धाप, आणि मग अर्धपोटीच झोप.

आजी म्हणाल्या, "हिच्या दुधातच कस नाही, भाऊ. पोर अंग कशी धरील?" सून मान खाली घालून बसली. दोन महिने ती हेच ऐकत होती. अंगारा झाला होता, गळ्यात गंडाही होता. ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, त्या घरात हे पाहून आम्हाला वाईट वाटले. पण राग धरून उपयोग नव्हता. भीती माणसाला कुठेही नेते.

अंगणवाडी सेविका सोबतच होत्या. त्यांच्या नोंदीत जन्माचे वजन २.६ किलो होते आणि चार महिन्यांनी ३.६. एवढ्या काळात निरोगी बाळाचे वजन जन्माच्या दुपटीजवळ जाते. सेविकाताईंच्या प्रयत्नाने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी मुलीला तपासले. छातीवर नळी ठेवताच त्यांना वेगळा आवाज ऐकू आला. पुढे टू-डी इको झाला आणि निदान निघाले : हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र. दूध निर्दोष होते.

जमाखर्चाचे गणित

जन्मलेल्या दर हजार बाळांत आठ-नऊ बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. तो पाप, शाप, ग्रहण किंवा पूर्वजन्म यामुळे होत नाही. काही छिद्रे आपोआप बुजतात. मोठे छिद्र असेल तर मात्र फुप्फुसांत जादा रक्त जाते, श्वास जलद होतो आणि हृदयाला दुप्पट राबावे लागते.

आमचा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला, म्हणून आम्हाला हे जमाखर्चाच्या भाषेत कळले. निरोगी तान्ह्या बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १०० ते ११० कॅलरी लागतात. हृदय थकलेल्या बाळाला १२० ते १५० लागतात, कारण श्वास घेण्यातच बरीच शक्ती जाते. म्हणजे खर्च वाढला. उलट दूध ओढणे हे बाळाचे सर्वांत मोठे कष्ट. दमलेले बाळ मध्येच सोडून देते. म्हणजे जमा घटली. शिल्लक राहणार कुठून?

चार किलोच्या बाळाला १३० च्या हिशेबाने दिवसाला ५२० कॅलरी हव्यात. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ६७ कॅलरी असतात. म्हणजे पाऊण लिटरहून थोडे अधिक दूध पोटात जायला हवे. तेवढे ओढण्याचे बळच त्या जिवात नसते.

आणखी एक गोष्ट आजीबाईंनी लक्षात घ्यावी. पाजताना सुरुवातीचे दूध पातळ असते, नंतरच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. दमलेले बाळ त्या नंतरच्या दुधापर्यंत पोहोचतच नाही. कस दुधात असतो. बाळाची पोहोच कमी पडते.

पाजावे कसे?

डॉक्टरांनी त्या आईला जे शिकवले ते असे :

१. थोडे थोडे, वारंवार. दर दोन-तीन तासांनी पाजावे, रात्रीही. बाळ रडून दमण्याआधीच घ्यावे.

२. एक पाजणे अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये. त्यापुढे ओढण्यात जेवढे मिळते त्याहून अधिक खर्च होते. राहिलेले दूध स्वच्छ हातांनी काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने लगेच द्यावे.

३. बाळाचे डोके व छाती उंच धरावी. धाप लागली की थांबावे, विसावा द्यावा, मग पुन्हा.

४. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्यावरच दुसरी द्यावी.

५. बाटली नको. अंगावर पिताना बाळाच्या रक्तातील प्राणवायू बाटलीपेक्षा चांगला टिकतो, असे तपासण्यांत दिसले आहे. बाटलीने जुलाबाचीही भीती.

६. घुटी, साखरपाणी, मध, गाईचे पाणी घातलेले दूध यांनी पोट भरते, शक्ती मिळत नाही. एक वर्षाच्या आत मध तर धोक्याचाच.

काही बाळांना डॉक्टर काढलेल्या दुधात शक्ती वाढवणारी पूड मोजून घालायला सांगतात. काहींना नाकातून बारीक नळी घालून दूध देतात. नळी पाहून घरच्यांनी घाबरू नये. बाळाचे कष्ट वाचवण्याची ती सोय आहे. पण हे मनाने करू नये. कुणाला पाणी मोजून द्यावे लागते, तर ओठ निळे पडणाऱ्या बाळाला पाणी कमी पडणेच घातक ठरते. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला लावू नये.

सहा महिन्यांनंतर

आईचे दूध चालूच ठेवून वरचे अन्न सुरू करावे. येथे आपली जुनी चूक म्हणजे वरणाचे पाणी आणि भाताची पेज. लहान पोटात पाणी भरले की अन्नाला जागा उरत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही अशी घट्ट, मऊ मुगाची खिचडी घोटावी आणि प्रत्येक वाटीत चमचाभर तेल किंवा तूप घालावे. शेंगदाण्याचे बारीक वाटण, उकडलेले अंडे, कुस्करलेले केळे हे सर्व आपल्या आवाक्यातले आहे. अख्खा दाणा मात्र देऊ नये, घशात अडकतो. मीठ वेगळे घालू नये. लसी वेळच्या वेळी द्याव्यात, कारण अशा बाळाला साधी सर्दीही छातीत उतरते.

वजनाची वही

आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, कपडे काढून वजन करावे व लिहून ठेवावे. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढते. आजारी बाळाचे उद्दिष्ट डॉक्टर ठरवतात. वजन एकदम वाढले आणि पापण्या किंवा पाय सुजले, धाप वाढली, तर ते बाळसे नाही, अंगात साठलेले पाणी आहे. अशा वेळी, तसेच दूध पूर्ण सोडले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ-जीभ निळी पडली, तर १०८ ला फोन करावा. वाट पाहू नये.

त्या मुलीच्या बाबतीत एके ठिकाणी "वजन वाढू द्या, मग पाहू" असे सांगून परत पाठवले गेले. वजन वाढलेले बरेच, कारण अंगात बळ असलेले मूल ऑपरेशननंतर लवकर सावरते. पण छिद्र मोठे असेल तर ते बुजल्याशिवाय वजन नीट वाढत नाही. म्हणून अमुक किलो होईपर्यंत घरी बसायचे नसते. पाजणे आणि तारीख, दोन्हींचा पाठपुरावा एकाच वेळी करायचा.

१९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे निळ्या पडलेल्या बाळावर पहिले यशस्वी ऑपरेशन झाले, तेव्हा सव्वा वर्षाच्या त्या मुलीचे वजन जेमतेम चार किलो होते. त्या शस्त्रक्रियेची पद्धत प्रयोगशाळेत बसवणारे व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय होते. कॉलेजचे शिक्षण त्यांना घेता आले नव्हते आणि सुरुवातीला पगारपत्रकात त्यांची नोंद झाडूवाला म्हणून होती. ऑपरेशनच्या वेळी ते सर्जनच्या मागे उभे राहून सूचना देत होते. ज्ञान कुणा एका जातीचे किंवा वर्णाचे नसते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आईला सुटी कोण देणार?

दर दोन तासांनी पाजायचे, दूध काढायचे, वाटी उकळायची. ही आई कापूस वेचायला किंवा निंदणाला जाणार कशी? १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामकरी स्त्रीला बाळंतपणात विश्रांती व लाभ मिळावा, हे देशाच्याच हिताचे आहे, अशी बाजू मांडली होती. स्वतः बाबासाहेब आणि रमाई यांनी चार लेकरे गमावली. राजरत्न गेला तो १९२६ साली. पोटचे मूल जाण्याचे दुःख त्या घराने भोगले आहे.

त्या गावात महिला मंडळाने पाळ्या लावल्या. कुणी पाणी भरले, कुणी भाकरी टाकल्या. आजींनीच गंडा काढला आणि रात्रीचे वाटी-चमच्याचे पाजणे आपल्याकडे घेतले. औषध आणि पाजणे मिळून सात आठवड्यांत ७०० ग्रॅम वजन वाढले. मग शेगाव स्टेशनवरून गाडीने मायलेकी आणि बाप मुंबईला गेले. ऑपरेशन झाले. यंदाच्या रमाई जयंतीला ती मुलगी सभामंडपात रांगत होती. आजी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, मी सुनेला लय बोलली." एवढेच.

आपल्या वस्तीत दूध पिताना घामाघूम होणारे, दमून सोडून देणारे बाळ दिसले, तर त्याच्या आईला बोल लावू नका. आशाताईला बोलवा, वजन करा, डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या, शिधापत्रिका व आधार कार्ड हाताशी ठेवा. आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असे तथागतांनी भिक्खूंना समजावले होते. ती सेवा आपल्या शेजारच्या घरापासून सुरू होते.

जयभीम.