वाजवून घ्या, पण डोळे झाकून

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर घरी आणतो, बद्द वाजला तर तिथेच ठेवतो. आगगाडीच्या चाकावर हातोडी मारून तडा ओळखायची जुनी रीत याच कुळातली. भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९६० पासून रेल्वेचे रूळ लाटले जातात, आता तर एकसंध १३० मीटरचे. तिथे रूळ असा वाजवून पास होत नाही. त्याची परीक्षा आवाजच घेतो, पण कानाला न ऐकू येणारा. कान २० किलोहर्ट्झला हात टेकतो आणि अल्ट्रासोनिक लहरींची भाषा मेगाहर्ट्झची. लहर सोडणारा प्रोब आणि पोलाद यांच्यात पाण्याचा पातळ थर ठेवतात, कारण मध्ये हवा राहिली तर लहर आत शिरतच नाही. पोटात चीर असेल तर प्रतिध्वनी लवकर परततो. पण या कामातली खरी शिकण्याजोगी पायरी त्याआधीची आहे. उपकरण आधी नमुन्याच्या तुकड्यावर चालवतात, ज्यात ठरलेल्या मापाचे दोष मुद्दाम केलेले असतात. ते दिसले नाहीत तर खोट यंत्रात.

स्पीकर-अँप्लिफायरच्या परीक्षणात नेमकी हीच पायरी गाळली जाते. एकजण मापनाचा आलेख पुढे करतो, दुसरा कान. पण कानाचा नमुन्याचा तुकडा कुठे आहे? दोन अँपपैकी एक जेमतेम एक डेसिबलने मोठा वाजला तर तो मोठा नाही, ‘जास्त मोकळा’ वाटतो. १९९४ साली ध्वनी-संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन या ऑडिओ कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर झाकूनही आणि दाखवूनही ऐकवले. दिसल्याबरोबर गुण बदलले आणि स्वस्त, छोटा संच खाली घसरला. यावर कोणी म्हणेल, रूळ कुणाला आवडायचा नसतो, संगीत आवडायचं असतं. बरोबर आहे. पण संशोधक फ्लॉइड टूल यांच्या कॅनडातल्या चाचण्यांत नाव आणि रूप झाकल्यावर लोकांची आवड बरीचशी एकमताची निघाली, आणि तीही सपाट, गुळगुळीत आलेखाच्या स्पीकरकडे झुकणारी. म्हणजे झाकून ऐकलेला कान मापाचा वैरी नाही.

मापवाल्यांनीही फार मिशीला पीळ देऊ नये. विकृतीचा (डिस्टॉर्शनचा) एकच टक्का छापून काही कळत नाही. दुसऱ्या पटीचा स्वर मूळ सुराच्या आडोशाला दडतो. अँपमधली तेवढ्याच टक्क्याची क्रॉसओव्हर विकृती मात्र तंबोऱ्याची आस विरत जाताना खरखरते. शिवाय सिमेंटच्या भिंतींच्या घरात खालचे सूर स्पीकरपेक्षा खोलीच ठरवते आणि डोक्यावर पंखा गरगरत असतो, तो वेगळाच. म्हणून ऐकावं जरूर, पण पातळी मीटरने जुळवून, अदलाबदल तिसऱ्याच्या हाती देऊन आणि स्पीकरपुढे पडदा लावून. पडदा मात्र विरळ विणीचा हवा. जाड चादर टांगली तर वरचे सूर तीच गिळून टाकते.