पहिला क्रमांक कोणाचा? : शतकाच्या मध्यावरचे युरोपीय मुष्टियोद्धे

मुष्टियुद्धातल्या थोर खेळाडूंची क्रमवारी लावायला बसले की पहिली अडचण मोजपट्टीची येते. धावपटूला घड्याळ असते, फलंदाजाला सरासरी असते. मुष्टियोद्ध्याच्या नावापुढे विजय, पराभव, बरोबरी आणि प्रतिस्पर्ध्याला बाद करून मिळवलेले विजय एवढेच चार आकडे उरतात. तो कोणाशी लढला हे जुन्या नोंदी चाळून शोधता येते. तो कोणाशी लढू शकला नाही आणि का, याचा उल्लेख त्या आकड्यांत नसतो. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या वीस वर्षांतील युरोपीय मुष्टियोद्ध्यांची तुलना करताना मात्र ही न नोंदलेली बाजूच निर्णायक ठरते, असे माझे म्हणणे आहे.

त्या काळी मुख्य वजनगट आठ होते. सर्वांत हलका फ्लायवेट ११२ पौंडांपर्यंतचा, मिडलवेट १६० पौंडांपर्यंतचा आणि १७५ पौंडांवरचे सगळे हेवीवेट. हेवीवेट खेळाडू फ्लायवेटला सहज लोळवील, हे सांगायला क्रमवारीची गरज नाही. म्हणून दोघांचे वजन सारखे धरले तर कोण सरस, असा काल्पनिक प्रश्न विचारला जातो. याच पद्धतीला ‘पाउंड फॉर पाउंड’ म्हणतात. अमेरिकेचा शुगर रे रॉबिन्सन हा त्या पिढीत या कसोटीवर सर्वश्रेष्ठ मानला जाई. शिवाय बहुतेक गटांत जागतिक विजेतेपदाच्या किल्ल्या अमेरिकेत होत्या. युरोपीय खेळाडूला तिथे बोलावणे यावे लागे आणि ते अनेकांना उशिरा आले, काहींना आलेच नाही.

तेव्हा मी तीन कसोट्या लावतो : प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, यशाचा कालावधी आणि वाटेतले अडथळे. यांवर उतरणारी पाच नावे खालून वर घेऊ.

पाचवा : इंगेमार योहान्सन

गोथेनबर्गच्या या स्वीडिश हेवीवेटची कारकीर्दच अपमानाने सुरू झाली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो पुरेसा लढत नाही म्हणून पंचांनी त्याला अपात्र ठरवले आणि रौप्यपदकही रोखले गेले. ते त्याला १९८२ मध्ये मिळाले. १९५८ मध्ये त्याने अमेरिकेच्या एडी मॅकेनला पहिल्याच फेरीत बाद केले. २६ जून १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर त्याने फ्लॉइड पॅटरसनला तिसऱ्या फेरीत सात वेळा खाली पाडून जागतिक विजेतेपद घेतले. इटलीच्या प्रिमो कार्नेराने १९३४ मध्ये गमावलेला हा किताब पंचवीस वर्षांनी युरोपात आला. पण पुढच्या वर्षी पॅटरसनने तो परत घेतला आणि १९६१ ची तिसरी लढतही जिंकली. योहान्सनचा उजव्या हाताचा ठोसा अजोड होता, मात्र एकूण लढती २८ आणि शिखरावरचा मुक्काम एका वर्षाहून कमी. कालावधीच्या कसोटीवर तो इथेच थांबतो.

चौथा : रँडॉल्फ टर्पिन

इंग्लंडच्या लेमिंग्टन गावचा टर्पिन हा ब्रिटिश गयानातून आलेल्या कृष्णवर्णीय वडिलांचा आणि गोऱ्या आईचा मुलगा. १९४६ मध्ये तो व्यावसायिक झाला तेव्हा ब्रिटिश विजेतेपदासाठी खेळाडूचे आई-वडील दोघेही गोरे असले पाहिजेत, असा नियम होता. १९४८ मध्ये तो उठला आणि रँडॉल्फचा थोरला भाऊ डिक हा पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश विजेता झाला. त्याआधीच्या किती जणांना हा किताब नुसत्या नियमाने नाकारला गेला, हे कोणत्याच क्रमवारीत दिसत नाही.

१० जुलै १९५१ रोजी लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये टर्पिनने रॉबिन्सनला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवले. तोवर सव्वाशेहून अधिक लढतींत रॉबिन्सन फक्त एकदा हरला होता. या कालखंडात कोणत्याही युरोपीय खेळाडूने मिळवलेला हा सर्वांत मोठा एकटा विजय होय. पण ६४ दिवसांनी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, भुवईतून रक्त वाहत असलेल्या रॉबिन्सनने दहाव्या फेरीत त्याला पाडले आणि फेरी संपायला काही सेकंद उरले असताना पंचांनी लढत थांबवली. पुढे टर्पिनची घसरण झाली, कराची थकबाकी आणि दिवाळखोरी आली, आणि १९६६ मध्ये त्याने आत्महत्या केली. एका रात्रीच्या उंचीवर क्रमवारी लावली, तर तो पहिला आला असता.

तिसरा : लास्लो पाप

हंगेरीच्या या डावखुऱ्या खेळाडूने १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. मुष्टियुद्धात असे करणारा तो पहिलाच. १९५६ च्या मेलबर्नमधील अंतिम फेरीत त्याने होसे टोरेसला हरवले. साम्यवादी हंगेरीत व्यावसायिक मुष्टियुद्धाला जागा नव्हती, तरी १९५७ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पापला अपवाद म्हणून परवानगी मिळाली. सराव आणि लढती देशाबाहेर, बऱ्याचदा व्हिएन्नात. १९६२ मध्ये तो मिडलवेटचा युरोपीय विजेता झाला. २९ व्यावसायिक लढतींत २७ विजय, दोन बरोबरी, पराभव शून्य.

जागतिक विजेतेपदाची लढत दृष्टिपथात आली असताना १९६५ मध्ये सरकारने परवानगी काढून घेतली. त्याच वर्षी मेलबर्नला त्याच्याकडून हरलेला टोरेस लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला. पापचे चाहते म्हणतात, तो जिंकलाच असता. टीकाकार म्हणतात, न खेळलेल्या सामन्याचे गुण कसे द्यायचे? माझ्या मते दोघांनाही अर्धेच उत्तर सापडले आहे. नाकारलेली संधी विजय म्हणून धरता येत नाही, पण उणीव म्हणूनही धरता येत नाही. जे प्रत्यक्ष झाले तेवढ्यावर त्याला तिसरे स्थान मिळते. त्याहून वर जायचा पुरावा त्याला देऊ दिला गेला नाही.

दुसरा : दुइलिओ लोई

या यादीतले सर्वांत कमी परिचित नाव. त्रिएस्तेत जन्मलेल्या या ठेंगण्या इटालियन खेळाडूने १२६ लढती दिल्या आणि फक्त तीन गमावल्या. विशेष म्हणजे ज्या तिघांनी त्याला हरवले त्या प्रत्येकाला त्याने पुढे हरवले. त्यांतला कार्लोस ऑर्टिझ हा पुढे लाइटवेटचा नामांकित जगज्जेता ठरला. लोईने त्याला १९६० आणि १९६१ मध्ये मिलानमध्ये दोनदा नमवले. आक्षेप दोन आहेत : बहुतेक लढती मायदेशात झाल्या आणि त्याचा जागतिक किताब नुकत्याच पुन्हा सुरू झालेल्या मधल्या वजनगटातला होता. तरीही दशकभर न ढळलेला दर्जा पाहता हे आक्षेप त्याला पहिल्या क्रमांकापासून दूर ठेवतात, दुसऱ्यापासून नाही.

पहिला : मार्सेल सेर्दां

अल्जीरियात १९१६ मध्ये जन्मलेला आणि कासाब्लांकात वाढलेला सेर्दां फ्रान्सच्या वतीने लढे. १९३९ मध्ये तो वेल्टरवेटचा युरोपीय विजेता झाला आणि लगेच युद्ध सुरू झाले. खेळाडूची सर्वांत जोमाची वर्षे त्यात गेली. न्यूयॉर्कमध्ये तो पहिल्यांदा लढला तेव्हा तीस वर्षांचा होता. २१ सप्टेंबर १९४८ रोजी जर्सी सिटीत त्याने टोनी झेलला असे झोडपले की झेल बाराव्या फेरीसाठी उठलाच नाही. शंभराहून अधिक विजयांसमोर चार पराभव. त्यांतले दोन अपात्र ठरवल्याने, आणि तिसऱ्याची, बेल्जियमच्या देलानोआची, परतफेड दोन महिन्यांत झालेली.

चौथा पराभव जेक लामोटाकडून, जून १९४९ मध्ये डेट्रॉइटला. पहिल्याच फेरीत सेर्दांचा खांदा दुखावला. एका हाताने नऊ फेऱ्या लढून त्याने माघार घेतली. ‘रेजिंग बुल’ चित्रपटामुळे लामोटा अनेकांना ठाऊक आहे. ही संधी मिळावी म्हणून आपण १९४७ ची एक लढत मुद्दाम हरलो, अशी कबुली त्याने १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे दिली. म्हणजे विजेतेपदाच्या दाराशी कोण पोहोचणार, हे फक्त ठोशांवर ठरत नव्हते. परतीच्या लढतीसाठी निघालेल्या सेर्दांचे विमान २८ ऑक्टोबर १९४९ रोजी अझोर्स बेटांवर कोसळले. ४८ जण दगावले. गायिका एदित पियाफवरचे त्याचे प्रेम आणि हा मृत्यू यांनी त्याच्याभोवती दंतकथा विणली. ती बाजूला ठेवली, तरी तिन्ही कसोट्यांवर पूर्ण उतरणारा तोच एक उरतो.

कोणी लोईला वर नेईल, कोणी पापला. त्यावर वाद व्हायलाच हवा. मात्र तो घालताना विजय-पराभवांच्या शेजारी आणखी एक रकाना आखून घ्यावा : या खेळाडूला कोणी, केव्हा आणि का अडवले? सेर्दांच्या रकान्यात युद्ध लिहावे लागेल, पापच्या रकान्यात सरकार आणि डिक टर्पिनच्या आधीच्या अनेकांच्या रकान्यात कातडीचा रंग. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही यादीत आली नाहीत, आणि ते किती चांगले होते हे आता ठरवताही येणार नाही.