थोरल्याचा रिपोर्ट, धाकट्याची काळजी

वळसंगहून आलेली रक्ताची नळी हातात घेताच सोलापुरातल्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी पहिल्यांदा ती गार नाही ना, हे पाहिलं. जांभळ्या टोपणाची ही नळी फ्रीजमध्ये ठेवायची नसते. या तपासणीला पांढऱ्या पेशी जिवंत लागतात. रक्ताच्या काही थेंबांत चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं सोडून त्यांनी नळी अंधारात ठेवली. पंधराएक मिनिटांनी लाल पेशी फोडणारं द्रावण घातलं. गढूळ रक्त बघता बघता आरपार दिसू लागलं. डोळ्यांना दिसतं ते एवढंच. पुढे यंत्रात एकेक पेशी लेसरसमोरून जाते. चमकली, तर तिच्यावर एचएलए-बी२७ ही खूण आहे.

रक्त ज्याचं, त्या तरुणाची पाठ पहाटे आखडते आणि कामाला लागला की सुटते. सोबत आलेल्या आईचा जीव मात्र दुसऱ्याच मुलात अडकलेला. ‘‘ह्याला निघालं तर धाकट्यालाबी होणार का?’’

‘‘मावशी, रक्तात असणं वेगळं, आजार होणं वेगळं.’’

ताई बोलल्या ते खरंच. आई-बापांपैकी एकाकडून या खुणेचं जनुक आलं असेल, तर धाकट्याकडेही ते असण्याची शक्यता निम्मी. पाठ आखडवणाऱ्या आजाराशी या जनुकाचं नातं १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवलं. पण बी२७ असणाऱ्या शंभरांतल्या जेमतेम पाचांना आजार होतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत प्रमाण जास्त, तरी बहुतेक सुटतातच.

एकट्याने आजार घडवणारी जनुकंही असतात; फॉक्सपी३ त्यातलंच. कुंपणानेच शेत खाऊ नये म्हणून प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी याच जनुकावर चालतात. ते एकटं बिघडलं तरी तान्ह्या मुलाच्या जिवावर बेततं. या आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधालाच २०२५चं नोबेल मिळालं. बी२७ला असा एकट्याने घात करता येत नाही.

शिवाय प्रत्येक दुखणं प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून आलेलं नसतंच. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने घरोघर पाहणी केली. अंगदुखी-सांधेदुखीच्या तक्रारी भरपूर, पण तशा बिघाडाचा आमवात सापडला दोनशे प्रौढांमागे एखाद्यालाच.

तेव्हा धाकट्याला त्रास नसेल, तर तपासणीवर पैसे घालवू नका. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली पाठदुखी तीन महिने हटत नसेल, विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर मात्र तेल चोळत बसू नका. संधिवाततज्ज्ञाला गाठा, बी२७ निगेटिव्ह आलं असलं तरीही.