न्हाण, मखर आणि गोंदण : ऐकीव काय, खरं काय

मुलगी वयात आल्याचा सोहळा म्हटलं की आपल्याला दूरचं कुणीतरी आठवतं. अमेरिकेतले लाकोटा, आफ्रिकेतल्या जमाती, फार तर पेण-रोह्याच्या डोंगरातल्या ठाकरवाड्या. आपल्या घरात असलं काही नव्हतं, हा पहिला आणि सगळ्यात मोठा गैरसमज.

होतं, आणि वाजतगाजत होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणात काय, घाटावर काय, खात्यापित्या घरातल्या सुनेला पहिलं न्हाण आलं की मखर उभं राही. केळीचे खुंट, फुलांच्या माळा, रंगीत कागद, बेगड. बरंचसं घरच्या बायकांच्या हातचं. मुलीला नटवून त्यात बसवत, साखर वाटत, ओटी भरत, आळीतल्या बायका गाणी म्हणत.

इथे ‘सून’ म्हटलंय ते उगाच नाही. मुलीचं लग्न आधीच, आठव्या-दहाव्या वर्षी उरकलेलं असे. न्हाण आलं याचा अर्थ ती आता नवऱ्याकडे नांदायला योग्य झाली. त्यानंतर सोळा दिवसांच्या आत गर्भाधान व्हावं, असा शास्त्राचा दंडक सांगितला जाई. म्हणजे मखरात बसलेली पोर असली, तरी समारंभ सासरचा होता. म्हणूनच १८९१मध्ये संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा महाराष्ट्र पेटला. टिळकांनी विरोध केला, आगरकर सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. त्याआधी अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला साफ नकार दिला होता. १८८७मध्ये न्यायालयाने ‘नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा’ असं सुनावलं, तर त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे त्या डॉक्टर झाल्या.

लाकोटांचं उलट आहे. त्यांच्या सात पवित्र विधींपैकी एक मुलीच्या पहिल्या पाळीनंतरचा. वडीलधाऱ्या बायका तिला एकीकडे घेऊन तिची तयारी करतात. १८८३च्या सुमारास अमेरिकी सरकारने मूलनिवासींच्या धर्मविधींवर बंदी घातली. धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हायला १९७८ उजाडलं. तिथे सरकारने सोहळा मोडला आणि बायकांनी तो पुन्हा उभा केला. आपल्याकडे मुलीला वाचवायला कायदा लागला, आणि मखर परत आणावं असं कुणा आजीला वाटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

‘पूर्वी पाळीबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे’ हेही अर्धंच खरं. विटाळ होता, पण बातमी साखर वाटून सांगितली जाई. माझ्या मते कुजबुज वाढली ती लग्नाचं वय वाढल्यावर. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचं वय चौदा केलं, १९४९मध्ये पंधरा, १९७८मध्ये अठरा. वयात आलेली मुलगी बिनलग्नाची घरात असताना मखर कुणापुढे मिरवणार?

आता डोंगराकडे वळू. ठाकर बायकांच्या गळ्यातल्या मण्यांच्या दाट सरी पाहून पाहुण्यांना वाटतं, मणीसुद्धा वाडीवरच घडवतात. काचेचे मणी बाजारातून येतात, ओवणं तेवढं हातचं. त्यात कमीपणा काही नाही. लाकोटांच्या पोशाखावरचे प्रसिद्ध मणीही व्हेनिस आणि बोहेमियातून व्यापाऱ्यांनी नेलेले. त्याआधी त्या बायका साळिंदराचे काटे रंगवून नक्षी भरत.

गोंदण फक्त आदिवासींचं, हेही खरं नाही. कुणब्यांपासून ब्राह्मणांपर्यंत कितीतरी आज्यांच्या कपाळावर, हातावर हिरवं तुळशीवृंदावन किंवा टिंब असे. दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, काजळीत बुडवायच्या, कातडी ताणून टोचत जायचं आणि वर हळद दाबायची. हात सुजतो, खपली धरते. ती पडली की खालची नक्षी दिसते, आणि काळी घातलेली रेघ काही दिवसांनी हिरवट होते. मात्र जत्रेत एकाच सुईने सगळ्यांना गोंदलं, तर कावीळ ‘ब’, ‘क’ आणि एचआयव्हीचा धोका असतो. म्हणूनच गोंदवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

शेवटचा गैरसमज भल्या शिकल्यासवरल्यांचा : ‘आदिवासींच्यात लवकर लग्न ही परंपराच, त्यांना कायदा लागू नाही.’ हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही, एवढं खरं. पण २००६चा बालविवाह प्रतिबंध कायदा सगळ्यांना सारखाच. आणि कातकरी वाड्यांवरच्या लवकर लग्नांना नुसती परंपरा कारण नाही. खैरापासून कात काढणाऱ्या या जमातीच्या हातून इंग्रजी अमलात जंगल गेलं. दिवाळी सरली की घरंच्या घरं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. ठेकेदार उचल देतो ती जोडीला, नवरा-बायकोला. एकट्या पोराला उचल मिळणं कठीण, आणि पोरगी वाडीवर एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर? म्हणून जोडी जुळवली जाते.

तक्रार करायची तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. १०९८ हा मदतीचा फोनही आहे. अडचण एवढीच की लग्न उरकून जोडी तोवर दुसऱ्याच तालुक्यातल्या भट्टीवर विटा थापत असते.