आठवणी ठेवायच्या कुठे?

मैत्रिणींनो, वर्षभराचं लोणचं आपण एकाच बरणीत भरतो का? नाही ना! मग बारशापासून लग्नापर्यंतचे सगळे फोटो एकाच हार्ड डिस्कवर का?

आमच्या शेजारच्या वहिनींकडे सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या रेकॉर्ड केलेल्या होत्या. सासूबाई गेल्या आणि वर्षभरात डिस्कही बंद पडली. डिस्क दुसरी आणता येते हो, आवाज कुठून आणणार?

तेव्हापासून मी घरातला जुना कॉम्प्युटर फाइल सर्व्हर म्हणून चालवते. फाइल सर्व्हर म्हणजे घरातलं सामाईक कपाट. सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, माझ्या शिवणक्लासचे हिशेब वायफायवरून त्यात जाऊन बसतात. ओपनमीडियाव्हॉल्टसारखी त्यासाठीची प्रणाली फुकट मिळते. म्हणजे काटकसर मशीनमध्ये करा, डिस्कमध्ये नको.

पण डिस्क घ्यायची कुठली? 'कंपनी कुठली चांगली?' हा आपला पहिला प्रश्न. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या हजारो डिस्कपैकी किती बंद पडल्या, याचे २०१३ पासूनचे आकडे जाहीर करते. त्यावरून दिसतं, की एकाच कंपनीचं एक मॉडेल दणकट, तर दुसरं बेताचं निघतं. आणि चांगल्यातल्याही शंभरात एखाददुसरी वर्षाला बंद पडतेच. तेव्हा नावाला भुलू नका, पुढच्या गोष्टी बघा.

एक, 'नास'साठीची डिस्क मागा. ती चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेली असते आणि वॉरंटी सहसा तीन वर्षांची मिळते.

दोन, ती 'सीएमआर' आहे ना, हे विचारा. 'एसएमआर' डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, तसंच इथे होतं आणि काम रखडतं. वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं २०२० मध्ये उघड झालं. त्यानंतर सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' हे नाव मिळालं.

तीन, नवी डिस्क जोडली की क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमवर ती किती तास चालली आहे ते पाहा. पण तेवढ्यावर विसंबू नका, हा आकडा पुसताही येतो! सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं २०२५ मध्ये युरोपात उघडकीला आलं. म्हणून ओळखीच्या दुकानातून पक्कं बिल घ्या आणि नंबर टाकून कंपनीकडे वॉरंटी तपासा.

चार, एक मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, जमल्यास वेगवेगळ्या दुकानांतून. एकाच घाण्यातल्या दोन्ही एकदम बिघडायला नकोत. दोन्हींवर एकच माहिती उमटेल अशी जोडणी करून घ्या. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएस हवाच.

मात्र एका डिस्कवरून चुकून काही पुसलं, तर दुसरीवरूनही जातं बरं का! म्हणून तिसरी प्रत साध्या बाहेरच्या डिस्कवर काढा आणि ती घराबाहेर ठेवा. माझी माहेरी, आईच्या कपाटात असते. दिवाळी आणि मे महिना अशी वर्षातून दोनदा माझ्याबरोबर इकडे येते, नवे फोटो भरून घेते आणि परत माहेरी जाते.