जातानाची यादी

आमच्या जुन्या नाशकात, दूध बाजाराजवळ, चहाची एक टपरी आहे. सकाळी साडेसातला तिथे पेपर येतो आणि आठ वाजेपर्यंत त्याची पाने सुटी होऊन वेगवेगळ्या हातांत गेलेली असतात. एखाद्या पुढाऱ्याचे पद गेल्याची बातमी असली, की तिथला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आता साहेब करणार काय?" हा नव्हे, तर "साहेबांकडे आता असेल किती हो?" हा. मग आकडे सुरू होतात. एक जण शंभर कोटी म्हणतो, दुसरा लगेच पाचशेवर जातो. कागद कोणाजवळच नसतो, पण मागे कोणी हटत नाही. मीही त्या बोलण्यात असतो, हे आधीच कबूल करतो.

सत्तेवरून उतरलेल्या माणसाची मालमत्ता किती, हे आपल्याला खरोखर कळू शकते का, एवढाच आजचा विषय आहे. मी कायद्याचा माणूस नाही, अर्थशास्त्राचा तर नाहीच. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन, आणि कविता लिहितो. पण या प्रश्नाने आमच्या घरात एकदा बरीच वर्षे मुक्काम केला होता. तो प्रसंग पुढे सांगतो.

आधी आपल्या हातात काय आहे ते पाहू. 2 मे 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवाराचे शिक्षण, त्याच्यावरचे खटले आणि त्याची मालमत्ता जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. सरकारने घाईघाईने कायदा बदलून त्याला बगल देण्याचा प्रयत्न केला, पण मार्च 2003 मध्ये न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. तेव्हापासून उमेदवार अर्जाबरोबर शपथपत्र देतो. स्वतःची, पतीची किंवा पत्नीची आणि अवलंबून असलेल्यांची रोकड, ठेवी, दागिने, गाड्या, शेती, घरे आणि कर्ज असे सगळे त्यात लिहावे लागते. 2018 च्या निकालानंतर उत्पन्न कोठून येते तेही सांगावे लागते. 2019 पासून पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतले उत्पन्नही त्यात द्यावे लागते. खोटी माहिती दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अशी तरतूद आहे. हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, त्यासाठी अर्ज नाही की फी नाही.

ही फार मोठी गोष्ट आहे. 2002 पूर्वी जे फक्त टपरीवर बोलले जात होते, ते आता उमेदवाराच्या सहीने मिळते.

पण हे शपथपत्र वाचायला थोडे शिकावे लागते. पाच वर्षांत कोणाची मालमत्ता तिप्पट झाली, की आपण लगेच समजून घेतो की खाल्ले. नाशिककरांनी तरी असे करू नये. गंगापूर रोडला ज्याच्या आजोबांची द्राक्षबाग होती, तो नुसता झोपून राहिला तरी त्याच्या जमिनीची किंमत वाढतच गेली आहे. शपथपत्रात चालू बाजारभाव लिहायचा असतो, त्यामुळे आकडा फुगतो. उलट ज्याचा आकडा लहान तो हरिश्चंद्र, असेही नाही. 'अवलंबून' या शब्दात कमावता मुलगा, सून, भाऊ, पुतण्या, मेहुणा यांपैकी कोणीच येत नाही. आणि आपल्याकडे कुटुंब म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको. शिवाय शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे ते सिद्ध करणे जितके अवघड तितकेच खोडणेही अवघड.

तरीही शपथपत्र नसण्यापेक्षा असणे बरे. माझी खरी तक्रार निराळी आहे. ते फक्त उभे राहताना द्यावे लागते. निवडून आलेल्या खासदाराला शपथ घेतल्यावर 90 दिवसांत सभागृहाच्या प्रमुखाकडे मालमत्ता कळवावी लागते, म्हणजे तीही आत शिरतानाच. बाहेर पडताना कोणी काही विचारत नाही. माणूस पुन्हा उभाच राहिला नाही, तर त्याचे शेवटचे शपथपत्र हीच त्याची शेवटची नोंद. पुढे वीस वर्षे तो जगला, कारखाना काढला, महाविद्यालय काढले, परदेशी गेला, तरी मतदाराच्या हातात तोच जुना कागद राहतो.

आता सरकारी कारकुनाकडे पाहा. त्याला दरवर्षी मत्ता आणि दायित्वांचे विवरणपत्र भरावे लागते. मोठ्या सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खासगी कंपनीत नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. आणि या दोघांच्या वर बसणाऱ्या मंत्र्याला पद सोडल्यावर कसलीही आडकाठी नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहेच. पण ज्ञात उत्पन्नाच्या मानाने जास्त मालमत्ता कशी, हा त्यातला प्रश्न पदावर असतानाच्या काळापुरता आहे. केलेल्या कामाची परतफेड चार वर्षांनी, सल्लागार म्हणून मानधनाच्या रूपात आली, तर ती पकडायची कशी?

यावर कोणी म्हणेल, चौकशा होतात की. होतात, पण कशा आणि केव्हा? नाशिककरांना उदाहरण दूर शोधायला नको. आकाशवाणीचे नियम मला ठाऊक आहेत, म्हणून नोंदीत आहे तेवढेच सांगतो. छगन भुजबळ राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. 2014 साली त्यांच्या आघाडीची सत्ता गेली. मार्च 2016 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्यांना अटक केली. मे 2018 मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. 2019 साली येवल्यातून ते पुन्हा निवडून आले आणि मंत्री झाले. सप्टेंबर 2021 मध्ये महाराष्ट्र सदनाच्या प्रकरणातून विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. अटकेपासून या आदेशापर्यंत साडेपाच वर्षे गेली. आमच्या टपरीने मात्र पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, आणि तोही दोन्ही बाजूंनी. कोणाचेही मत त्यानंतर तसूभर हलले नाही.

याची दुसरी बाजूही आहे. प्रामाणिकपणाच्या गोष्टीसुद्धा आपण कागदाशिवायच सांगतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यावर 1963 साली आपल्या नाशिकनेच त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. 1984 साली ते गेले, तेव्हा त्यांच्या बँकेच्या खात्यात किती थोडे पैसे होते, ही गोष्ट प्रत्येक व्याख्यानमालेत निघते. मी ती तीन वक्त्यांकडून ऐकली आणि तिन्ही वेळा रक्कम निराळी होती. यशवंतरावांविषयी मला शंका नाही. पण त्यांच्यासारख्या माणसाची बाजू सांगायला वक्त्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहावे लागते, याचे वाईट वाटते.

अशी गोष्ट कशी फसवते, ते अमेरिकेत दिसले. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन 1953 साली पायउतार झाले. त्यांच्याकडे लष्कराच्या महिना 112 डॉलर पेन्शनखेरीज काही नाही, असे सगळीकडे सांगितले गेले. लोक हळहळले. 1958 साली माजी राष्ट्राध्यक्षांना पेन्शन देणारा कायदा झाला, त्यामागे ही हळहळ मोठी होती. पुढे 2021 साली पॉल कँपोस या कायद्याच्या प्राध्यापकाने ट्रूमन यांचे खासगी कागद वाचले. पद सोडताना त्यांची मालमत्ता, त्यांच्याच हिशेबाने, साडेसहा लाख डॉलरच्या घरात होती, असे त्याने दाखवून दिले. त्या काळी ही श्रीमंतीच. त्यांची गरिबी सत्तर वर्षे सांगितली गेली, कारण कागद पाहिलाच नव्हता. पेन्शन आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात 2016 साली माजी आमदाराचे किमान निवृत्तिवेतन महिना 50 हजार रुपये ठरले. ते द्यावे, माझी हरकत नाही. पण ते देताना घेणाऱ्याकडे काय आहे, हे कोणी विचारत नाही.

आमच्याकडे लहानपणी हजरत उमर यांची गोष्ट सांगत. सातव्या शतकातले हे खलिफा एखाद्या प्रांतावर सुभेदार नेमताना त्याच्या मालाची यादी करून घेत. तो परतला, की पुन्हा यादी. वाढ जास्त दिसली, तर निम्मी सरकारजमा. सुभेदार कुरकुरत, व्यापारात मिळवले म्हणत. उमर म्हणत, तुला व्यापाराला नव्हे, कारभाराला धाडले होते. निम्मे जप्त करणे आजच्या कायद्यात बसणार नाही, बसूही नये. पण दोन याद्यांची कल्पना मला अजून कोणी खोडून दाखवलेली नाही.

आता घरचा प्रसंग. माझे अब्बा जकात नाक्यावर कारकून होते. 1990 साली निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी आमच्या दोन खोल्यांवर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. गल्लीत कुजबुज सुरू झाली. जकात म्हटले की लोकांना रात्रीचे ट्रक दिसतात! "नोकरीत असताना दाबून ठेवले, आता बाहेर काढले," हे वाक्य मी स्वतः, विशीतला असताना, न्हाव्याच्या दुकानात ऐकले. अब्बांनी कधी कोणाला उत्तर दिले नाही. मीही त्यांना विचारले नाही, आणि न विचारण्याचे कारण आदर नव्हते. मला उत्तराची भीती वाटत होती. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. पतपेढीच्या कर्जाच्या हप्त्यांच्या पावत्या, अम्मीच्या बांगड्या मोडल्याची सराफाची चिठ्ठी, सिमेंटच्या गोण्यांची बिले, सगळे दोऱ्याने बांधलेले. बेरीज स्लॅबच्या खर्चाशी जुळत होती. अम्मी म्हणाली, "उनों बोलते थे, कागद संभालके रखो, कोई तो पूछेगा." कोणी विचारलेच नाही. तोवर कुजबुजणाऱ्यांतले निम्मे कबरस्तानात आणि अमरधामला पोहोचले होते.

म्हणून जातानाची यादी ही केवळ चोर पकडण्याची युक्ती आहे असे मी मानत नाही. ज्याने खाल्ले नाही, त्याला तिची गरज जास्त आहे. पद सोडल्यावर दोन महिन्यांत एक शपथपत्र आणि त्यानंतर पाच वर्षे दरसाल एक, एवढे मागितले तर फार होईल का? खासगीपणाचा आक्षेप खरा आहे. उमेदवाराच्या घरातली प्रत्येक वस्तू जाणून घेण्याचा हक्क मतदाराला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये सांगितले, आणि ते मला पटते. कोणाच्या घरातली घड्याळे मोजायची नाहीत. जमीन, घरे, ठेवी, भागभांडवल आणि कर्ज एवढे पुरे. लोकप्रतिनिधींच्या मालमत्तेवर लक्ष ठेवणारी कायमची यंत्रणा हवी, असे 2018 च्या निकालात न्यायालयानेच म्हटले होते. अशी यंत्रणा नुसत्या विद्यमानांसाठी नको, माजींसाठीही हवी.

मध्यंतरी मी एका माजी आमदारांच्या दोन निवडणुकांच्या शपथपत्रांच्या छापील प्रती काढून टपरीवर नेल्या. गंमत वाटेल, पण त्या दिवशी कोणी आकडे फेकले नाहीत. चष्मे निघाले. एकाने जमिनीचे गट नंबर वाचले, दुसऱ्याने त्या भागातला भाव सांगितला, तिसऱ्याने कर्जाची ओळ दाखवून वाढ कमी करून दिली. अर्धा तास नीट हिशेब चालला. शेवटी टपरीवाला गल्ला बंद करता करता म्हणाला, "चाचा, ही दोन झाली. त्यांना सोडून दहा वर्षं झाली ना? आताचा कागद कुठाय?"