वाटीतली पेज आणि दप्तरातले प्रथिन
(लेखांक पाचवा)

मागील लेखांकात शिधावाटपाच्या धान्याचा हिशेब आपण पाहिला; त्याच धान्यावर आहारशास्त्राने एके काळी जो अविश्वास दाखविला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९३३ साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, बालकांवर उपचार करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले : हातापायांवर सूज, केसांवर तांबूस कळा, कातडीचे पोपडे. दोन वर्षांनी त्यांनी तेथील गा भाषेतले 'क्वाशिओर्कर' हे त्याचे नाव शास्त्रात आणले. पाठीवर दुसरे मूल आले की पहिल्याचे अंगावरचे दूध तुटते आणि त्यास जो आजार जडतो, तो हा. म्हणजे अर्धे निदान तेथील बायकांनी नावातच करून ठेवले होते. ही मुले मक्याच्या पेजेवर वाढत. पेजेत प्रथिने थोडी, सबब दोष प्रथिनांच्या उणिवेचा, हा तर्क सरळ होता, आणि सरळ तर्कास सरकारदरबारी जी मान्यता चटकन मिळते, ती यासही मिळाली.

१९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली प्रथिन सल्लागार मंडळ स्थापन झाले, आणि १९६८ मध्ये 'येऊ घातलेले प्रथिनसंकट' हे शब्द संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाच्या शीर्षकात जाऊन बसले. ग्वाटेमालात सरकीचे पीठ मिसळून 'इन्कापरिना' निघाले. म्हैसूरच्या केंद्रीय संस्थेत तीन भाग शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ व एक भाग हरभऱ्याचे असे मिश्रण सिद्ध झाले. कोठे मासळीची पूड, तर कोठे चक्क खनिज तेलावर पोसलेले यीस्ट. या पदार्थांमागील कसब नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात चूल एकच वेळ पेटते, त्याने हा डबा कोणत्या पैशांनी विकत घ्यावयाचा, याची तजवीज फारशी कोठे दिसत नाही.

हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांना आढळले ते निराळेच. सुजलेली मुले आणि सुकलेली मुले यांच्या पूर्वीच्या आहारात प्रथिनांच्या दृष्टीने म्हणण्यासारखा भेद नव्हता. दोहोंना अन्नच अपुरे पडत होते. ज्वारी, तांदूळ, डाळ हे नित्याचे अन्न पोटभर मिळाले तर प्रथिने त्याबरोबरच येतात, आणि न मिळाले तर बाहेरून दिलेली प्रथिनेही शरीर सरपणासारखी जाळून टाकते. सातारा जिल्ह्यातील बुधचे, रोमच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे खाते सांभाळलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आकड्यांच्या वाटेने हेच दाखविले. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या साऱ्या प्रकरणाला फजिती ठरविले.

आता ती पेजच पाहा. वर्षाच्या मुलाचे पोट ते केवढे! पीठ जरा अधिक पडले की पेजेचा गोळा होतो आणि मूल तो गिळत नाही. म्हणून आई पाणी घालते, आणि वाटी भरते ती बहुतेक पाण्याने. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून दळणाऱ्या आपल्या आज्यांच्या हाती यावरचा एक उपाय होता. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचा विकर वाढतो व तो पिष्टाचे लांबलचक रेणू तोडतो. असले चमचाभर पीठ कढत, पण उकळी बसलेल्या, दाट पेजेत ढवळले की ती थोड्याच वेळात सैल होते आणि तेवढ्याच वाटीत पीठ अधिक मावते. बडोद्यास तारा गोपालदास यांनी यावर पद्धतशीर प्रयोग केले.

पण पोटभर म्हणजे किती? वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यरेषा आखताना दरडोई रोजचे २,२५० उष्मांक धरले. सुखात्म्यांचा आक्षेप असा, की एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमीअधिक होते, शरीर तिच्याशी जुळवून घेते, तेव्हा सरासरीखालच्या प्रत्येकास उपाशी मोजणे चूक. दांडेकरांना हे मान्य झाले नाही. पुढे डेव्हिड सेक्लर यांनी 'लहान पण निरोगी' असा सिद्धांत मांडला, तेव्हा प्रथिनांच्या वादात सुखात्म्यांच्या बाजूचे असलेले गोपालनच त्यावर तुटून पडले : खुरटलेली उंची ही निरोगीपणाची नव्हे, सोसलेल्या उपासाची खूण आहे. माझा कल गोपालनांकडे आहे. सुखात्म्यांचे गणित खोडता येईल असे मला वाटत नाही. परंतु अंदाजपत्रक आखणाऱ्याच्या हाती ते पडले म्हणजे शिधा कापण्याकडेच त्याचा उपयोग होण्याचा संभव फार.

या सर्व आकड्यांचा उगम एका ओसरीवर होतो. पाहणीस आलेला माणूस ठरावीक मापांच्या वाट्या ओळीने मांडतो आणि काल धाकट्याने काय खाल्ले ते विचारतो. बाई एक वाटी उचलते, कडेच्या खाली बोट टेकवून 'एवढी' म्हणते, आणि त्याने लिहून घेतल्यावर आठवून सांगते, की त्यातली अर्धी थोरलीने खाल्ली. तो लिहिलेले खोडतो व पुन्हा विचारतो. या पाहण्यांची रीत पुढील लेखांकी.